वायर हळू, वायफाय जोरात

"तुमची वायर ९४ आणि वायफाय ३२०. आता बोला!" घरमालकांनी नेटच्या वेगाचे आकडे दाखवणारी लॅपटॉपची स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

घर नवं, रंगाचा वास अजून गेलेला नाही. घरात नेटच्या वायरी टाकणं हा माझा धंदा, आणि बांधकाम चालू असताना याच माणसाशी माझी बरीच हुज्जत झाली होती. "जग वायरलेस झालं आणि तुम्ही भिंतीत पाइप टाकायला सांगताय?" हा प्रश्न मला प्रत्येक नव्या घरात ऐकावा लागतो. माझं उत्तरही ठरलेलं. तांब्याच्या तारेवर १००० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट वेग देणारं गिगाबिट १९९९ साली आलं. त्याच वर्षीचं वायफाय कागदावर ११ एमबीपीएसचं होतं. तेव्हापासून वायफायच्या किती पिढ्या येऊन गेल्या, पण त्या काळात भिंतीत टाकलेली चांगली केबल आजही तोच वेग देते. शेवटी तडजोड झाली. अभ्यासिका, टीव्ही आणि जिन्यावरचा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारी डबी) एवढ्या तीन ठिकाणी वायर, बाकी सगळं हवेतून.

आणि आता त्या तडजोडीतली वायरच हरली होती.

खरं तर ९४ हा आकडा बघताच मला अर्धं उत्तर मिळालं होतं. केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा पीळ दिलेल्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी तुटली तर बहुतेक उपकरणं तक्रार करत नाहीत, मुकाट्याने १०० वर उतरतात. नेट चालू, दिवा चालू, कुणाला पत्ता नाही. नेटवरची माहिती छोट्या पाकिटांतून जाते, त्या १०० मधून पाकिटांवरच्या नाव-पत्त्याचा खर्च वजा जाता हातात साधारण ९४ पडतात. आकडा ६० किंवा १७० असता तर मी दिवसभर शोधत बसलो असतो.

आठही तारा एकेक करून तपासणारा टेस्टर लावला. एक ते सहा दिवे लागले, सात आणि आठ अंधार. तपकिरी जोडी.

आधी जॅक, म्हणजे भिंतीतली केबल जिथे संपते ती खोबण, उघडला, कारण बहुतेक पाप तिथेच असतं. जोडीचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही, हा नियम. प्रत्यक्षात लोक दोन-दोन इंच तारा सरळ करतात, वरून फेसप्लेट दाबतात आणि मोकळे होतात. हा जॅक मी बसवलेला, पीळ टोकापर्यंत शाबूत. तरी तारा नव्याने पंच केल्या, म्हणजे खाचेत दाबून बसवल्या. सात-आठ अंधारच.

मग मीटर काढलं. हे यंत्र तारेत एक झटका सोडतं, तार जिथे तुटली असेल तिथून तो परत फिरतो आणि लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. तीन जोड्यांनी २३ मीटर दाखवलं, तपकिरीने ९. पाइपाच्या मार्गाने टेप धरत गेलो, तर नऊ मीटर भरले ते दिवाणखान्यात, टीव्हीमागच्या चकचकीत पॅनेलवर. सुताराचा स्क्रू.

सुताराला बोलून उपयोग नव्हता. भिंतीत काय आहे हे त्याला सांगितलं कुणी? प्लास्टर होण्याआधी मी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून, त्यावर मापं लिहून घरमालकांना पाठवले होते. ते त्यांच्या फोनमध्ये सुखरूप होते.

जुन्या केबलला नवी बांधून ओढून पाहिली. हलेना. मी गोल वळणाचे बेंड सांगितले होते, इलेक्ट्रिशियनने काटकोनी एल्बो मारले होते, त्यात स्क्रू पाइपातच घुसलेला. या केबलला अकराएक किलोपेक्षा जास्त जोर लावायचा नसतो, नाहीतर आतले पीळ ताणले जातात आणि धडधाकट जोड्याही बिघडतात. थांबलो. पॅनेल उतरवायचं म्हणताच घरमालकांचा चेहरा उतरला. "राहू द्या, वायफाय उत्तम चाललंय."

उत्तम चाललं होतं तर मला बोलावलं कशाला? तर संध्याकाळी ऑफिसच्या कॉलवर आवाज तुटतो म्हणून. त्यासाठी त्यांनी वायर लावून पाहिली, स्पीडटेस्ट केली, ९४ दिसले आणि पुन्हा वायफायवर गेले. स्पीडटेस्टचं ते बटण म्हणजे आमच्या धंद्याला लागलेलं ग्रहण आहे.

मी राउटरला पिंग लावला, म्हणजे एक पाकीट जाऊन यायला किती वेळ लागतो ते सतत मोजायला लावलं, आणि वायर व वायफायच्या दोन खिडक्या स्क्रीनवर शेजारी ठेवल्या. वायरवर एक मिलिसेकंदाच्या आत, ओळीमागून ओळ तेच. वायफायवर ३, ४, ३, ७८, ५, १४०, मध्येच एक पाकीट गायब. त्यांना समजावलं की वायफायवर घरातल्या सगळ्या उपकरणांना, आणि शेजारचं राउटर त्याच चॅनेलवर, म्हणजे त्याच रेडिओपट्टीवर असेल तर त्यालाही, आळीपाळीने बोलावं लागतं. दोन भिंतींपलीकडचा एखादा फोन रखडत बोलत असला की तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. वायरवर रांगच नाही, येणं आणि जाणं एकाच वेळी चालतं. व्हिडिओ कॉलला लागतात फार तर चार-पाच एमबीपीएस, पण ते वेळच्या वेळी लागतात. म्हणजे ही जखमी वायरसुद्धा तुमच्या कॉलसाठी वायफायपेक्षा सरस आहे.

त्यांनी दोन्ही खिडक्या नीट पाहिल्या. मान डोलावली. मग म्हणाले, "सगळं पटलं हो. पण ९४ कुठे आणि ३२० कुठे!"

यावर काय बोलणार? पुरावा समोर हलत होता, त्यांना तो दिसतही होता. तरी मोठा आकडा सोडून लहान आकड्यावर बसणं म्हणजे स्वतःचं नुकसान, हे काही त्यांच्या मनातून जाईना. आकड्याला हरवेल असं वाक्य माझ्याकडे अजूनही नाही.

जिन्यावरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटचं चॅनेल बदललं, थोडा फरक पडला. सामान आवरत असताना वहिनी अभ्यासिकेच्या दारात आल्या. त्यांचंही काम दिवसभर कॉलवरच. "त्यांना नको असेल तर ती हळू वायर मला लावून द्या," म्हणाल्या. तीन मीटरची पॅचकॉर्ड त्यांच्या टेबलापर्यंत नेऊन दिली.

चौथी जोडी तुटलेलीच आहे. पॅनेलचं सुताराला विचारलं, तर तो म्हणतो, तो स्क्रू काढला तर टीव्ही कोण धरणार?