बाबा, सहा डॉलरची लॉटरी आणि एंजल्स लँडिंग

"डोंगर चढायला लॉटरी? सरकारला कामं नाहीत का दुसरी?" हे बाबांचं पहिलं वाक्य.

बाबा नाशिकचे. वीज मंडळात लाइनमन म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कामाचे दिवस खांबावर आणि रविवार हरिहर नाहीतर अंजनेरीवर. २०२३ च्या सप्टेंबरात आई-बाबा माझ्याकडे न्यू जर्सीला यायचे होते. कुठे कुठे फिरायचं म्हणून विचारलं, तर जूनमध्येच व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. लाल कातळाची निमुळती धार आणि साखळी धरून तिच्यावरून चाललेली मुंगीएवढी माणसं. खाली एकच ओळ: "हे बघ. बाकी काय दाखवशील ते दाखव."

ते एंजल्स लँडिंग होतं. युटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्कमध्ये. १९१६ मध्ये फ्रेडरिक फिशर नावाचे एक धर्मोपदेशक तिथे गेले होते. या कड्यावर उतरायचं तर देवदूतालाच जमेल, असं ते म्हणाले आणि तेच नाव पडलं. पुढे दहा वर्षांत माणसांनी वाट खोदून साखळ्याही ठोकल्या. २०२१ मध्ये झायनला ५० लाखांवर लोक आले आणि एका साखळीवर चढणारे-उतरणारे एकमेकांत अडकायला लागले. म्हणून १ एप्रिल २०२२ पासून परमिट सक्तीचं झालं.

परमिट दोन प्रकारे मिळतं. पहिली हंगामी लॉटरी. सप्टेंबर ते नोव्हेंबरसाठी अर्ज १ ते २० जुलै, निकाल २५ जुलैला. सात तारखा-वेळा पसंतीक्रमाने भरायच्या. एका अर्जात सहा माणसं चालतात, अर्जाची फी सहा डॉलर. नंबर लागला तर माणशी आणखी तीन, नाही लागला तर सहा डॉलर पार्कला अर्पण. मी ऑक्टोबरचे सात पर्याय भरले आणि २५ जुलैला "क्षमस्व"ची मेल आली.

मग उरते आदल्या दिवशीची लॉटरी. मध्यरात्री सुरू, दुपारी तीनला बंद, चारला निकाल. म्हणजे विमान, हॉटेल, गाडी सगळं आधी ठरवायचं आणि ज्यासाठी चाललोय ते मिळणार की नाही हे आदल्या संध्याकाळी कळणार. नवरा म्हणाला, "तुझ्या बाबांना आधी सांगून ठेव." मी सांगितलं नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही तिघं लास व्हेगासला उतरलो. नवऱ्याला सुट्टी नव्हती. व्हेगासबद्दल फार काही लिहीत नाही. आईने कॅसिनोत एक डॉलरही न घालवता दोन तास फक्त माणसं बघितली आणि बाबांनी इतक्या दिव्यांचं बिल किती येत असेल याचा हिशोब केला. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून, फोनमध्ये दोन वाजून दहा मिनिटं झालेली बघून, मी निवांत अर्ज उघडला. बंद.

तीन म्हणजे युटाचे तीन. नेवाडाचं घड्याळ युटाच्या एक तास मागे. रोज तीन टाइम झोनच्या मीटिंगा लावणारी मी, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. अख्ख्या जुगाराच्या गावात त्या दिवशी तिकीट न काढता हरलेली मी एकटीच असेन. बाबांना तेव्हा सगळं सांगावं लागलं, आणि वरचं ते वाक्य तेव्हाचं.

गाडीने पावणेतीन तास. महामार्ग ॲरिझोनाचा एक कोपरा कापत व्हर्जिन नदीच्या घळीतून युटात शिरतो. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे तिथे व्हेगासचीच वेळ. युटाची पाटी गेली आणि फोनवरचं घड्याळ एका सेकंदात तासाने पुढे सरकलं. "आत्ता हललं बघ," बाबा मागच्या सीटवरून म्हणाले. तेही खवचटपणे.

मुक्काम स्प्रिंगडेलला, पार्कच्या दाराशीच. रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी मी बाथरूमच्या दिव्यात बसून अर्ज भरला. दोनच माणसं, वेळ सकाळी नऊच्या आतली. आईने आधीच जाहीर केलं होतं की जिथे साखळी सुरू होते तिथे ती बसणार आणि तिला कुणी आग्रह करायचा नाही.

दुसरा दिवस नदीकाठच्या सोप्या वाटेवर घालवला. दिवस सुंदर होता, माझं लक्ष नव्हतं. दरीत मोबाईलला रेंज नाही. पावणेपाचला शटलने बाहेर आलो, गावात फोन पिंग पिंग वाजायला लागला. ऑफिस, बँक, सेल, आणि त्यांच्यामध्ये परमिट. मी रस्त्यातच ओरडले. बाबांनी विचारलं, "किती लागले?" म्हणजे लॉटरीचे. बारा डॉलर लागले म्हटलं, गेलेले. जाणाऱ्यांसाठी एक सूचना: परमिट तेव्हाच फोनमध्ये उतरवून ठेवा. वर ते उघडायला नेट मिळत नाही.

सकाळी झुंजुमुंजू असताना पहिल्या बसच्या रांगेत. मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना दरीत बंदी आहे, पार्कची बस फुकट. सहाव्या थांब्यावर, ग्रोटोला उतरायचं. जाऊन-येऊन ५.४ मैल, चढ सुमारे दीड हजार फूट. मधली रेफ्रिजरेटर कॅनियन नावाला जागते; आईने तिथे शाल काढली. त्यापुढे वॉल्टर्स विगल्स, कातळाला चिकटून बांधलेली २१ वळणं. पार्कचे पहिले प्रमुख वॉल्टर रूश यांच्या नावाची. बाबांनी एकेक वळण मोठ्याने मोजलं. पंधरानंतर मागून येणारे दोन अमेरिकन पोरगेही मराठीत मोजत होते. "अठरा" त्यांना काही जमलं नाही.

वर स्काउट लुकआउट. इथपर्यंत परमिट लागत नाही, त्यामुळे ज्यांना कुणाला धार नको ते इथवर येऊ शकतात. रेंजर बाईंनी माझा परवाना आणि लायसन्स बघितलं, बाबांचे बूट बघितले आणि "गुड" म्हणाल्या. आईने सावली धरून डबा काढला.

मग शेवटचा अर्धा मैल. दोन्ही हातांना हजारेक फूट खोल दरी आणि मधे काही जागी चार-पाच फुटांची धार. मला भीती वाटेल याची मानसिक तयारी केली होती, तरी पहिल्या खांबाशी पोटऱ्या थरथरल्याच. बाबा पुढे. ते प्रत्येक लोखंडी खांब आधी मुठीत धरून दोनदा हलवायचे, कातळात रोवलेलं बूड निरखायचे, मगच साखळीवर भार टाकायचे. पस्तीस वर्षांची सवय. मागे रांग लागली तरी एकही खांब सोडला नाही. वाटेत एक मुलगी कातळाला घट्ट बिलगून उभी होती. ना वर, ना खाली. बाबा तिच्याजवळ थांबले. "डोन्ट सी डाऊन. सी लेग. ओन्ली लेग." आणि तिच्या पुढच्या पावलाची जागा बोटाने दाखवत राहिले. आठ-दहा पावलं ती गेली, मग तिची माणसं आली.

माथा ५,७९० फुटांवर. बाबांनी चहूकडे बघून निकाल दिला: "हरिहर जास्त खडा आहे. पण तिथे पायऱ्यांना खोबण्या आहेत, हात बरोबर बसतो. इथे नुसती साखळी." थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "पावसाळ्यात रविवारी हरिहरच्या पायऱ्यांवर तासन्‌तास माणसं अडकतात. तिथे पण ही लॉटरी काढायला हवी." मी काही बोलले नाही, फक्त फोटो काढला.

उतरून आलो तर आई डबा मांडीखाली दाबून बसलेली. तिथल्या खारी महाबिलंदर. खायला घालायला बंदी आहे, त्यामुळे त्या स्वतःच घेतात. एकीने आईच्या पिशवीची चेन दातांनी उघडून चिवड्याची पुडी ओढली होती. आईने "हाड!" म्हणून हाकलल्यावर, तिच्या म्हणण्यानुसार, खारीला मराठी बरोबर कळलं.

"आणि एक पक्षी आला होता," ती म्हणाली. "केवढा! अगदी डोक्यावरून गेला. त्याच्या पंखावर नंबर होता, एसटीवर असतो तसा."

कॅलिफोर्निया काँडोर. पंखांचा विस्तार साडेनऊ फूट. १९८७ मध्ये जगात जेमतेम २७ उरले होते, सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवले आणि मग परत सोडले, म्हणून ते नंबर. आम्ही माथ्यावर पाऊण तास होतो आणि आम्हाला कावळ्यापेक्षा मोठं काही दिसलं नव्हतं. बाबांनी आकाशाकडे बघितलं, मग आईकडे.

"फोटो काढलास?"

"अहो, माझे दोन्ही हात डब्यावर होते."