कॉमन डायनिंग हॉलमधला गोंगाट आणि आजींचं ताट

इथे डेन्मार्कमध्ये आम्ही को-हाउसिंगमध्ये राहतो, म्हणजे घर प्रत्येकाचं स्वतंत्र, पण मधोमध एक कॉमन हाउस आणि तिथे संध्याकाळचं जेवण एकत्र, स्वयंपाकाला पाळ्या लावलेल्या. ही पद्धत मूळची इथलीच, १९७२ मध्ये हिलेरॉडजवळ सेटेडामेन नावाची वसाहत झाली, २७ कुटुंबांची, तिथून सुरू झालेली.

आमचा हॉल दिसायला देखणा, लाकडी जमीन, उंच छत, मोठ्या काचा, पण आवाज शोषून घेणारं काहीच नाही, त्यामुळे सहा वाजता जेवण लागलं की खुर्च्यांची करकर, ताटं-चमचे, पोरं, सगळं घुमत राहतं, मग समोरच्याला ऐकू जावं म्हणून आपण आवाज चढवतो, ते ऐकून पलीकडचं टेबल चढवतं. एतिएन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरने माणसाची ही सवय १९११ मध्येच नोंदवून ठेवलीय.

सगळ्यात हाल कानाला मशीन लावणाऱ्यांचे, कारण मशीन बोलण्याबरोबर खडखडाटही मोठा करतं. शेजारच्या आजी मशीन काढून पाण्याच्या ग्लासशेजारी ठेवायच्या आणि नुसती मान हलवायच्या. नंतर ताट झाकून घरी न्यायला लागल्या. मला ते फार लागलं, एकटं जेवावं लागू नये म्हणूनच तर त्या इथे राहायला आल्या होत्या!

मीटिंगमध्ये कुणी म्हणालं मुलांना आधी जेवायला घाला. मला ते अजिबात पटलं नाही, आणि सुदैवाने बऱ्याच जणांना नाही पटलं. शेवटी छताला ट्रॉल्डटेक्ट या कंपनीचे आवाज शोषणारे पॅनल लावले, लाकडाचे बारीक लांब धागे आणि सिमेंट मिळून बनवलेले, इथे शाळांमधून सर्रास दिसतात. शोषणारा पृष्ठभाग दुप्पट केला की घुमण्याचा वेळ साधारण निम्मा होतो, हे वॉलेस सबिन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचं जुनं गणित. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट चिकटवलं (ते झिजतं, बदलत राहावं लागतं), लांबलचक टेबलं मोडून सहा-आठ जणांची केली, आणि खाऊन झालेल्या पोरांसाठी बाजूला गाद्या-उशांची खोली, मध्ये काचेचं दार, म्हणजे आईबापांना दिसतात पण कल्ला आत राहतो. आजी आता टेबलावर जेवतात, वादही घालतात.

पुण्याकडे सिनिअर लोकांसाठी प्रोजेक्ट होतायत, आईबाबांसाठी बघायला जाल तर डायनिंग हॉलमध्ये उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. ती घुमत राहिली तर छताला काय लावणार ते बिल्डरला बुकिंगच्या आधी विचारा.