आमची वाटचाल : तुरीची डाळ आणि अनुदानाचं तिसरं वर्ष

आमची मिल म्हणजे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल. एमरीचा, म्हणजे खरखरीत घासदगडाचा रोलर गुळगुळीत झाला की फोलपट सुटत नाही आणि चुरी वाढते, म्हणून हंगामाआधी त्यावर एमरी चढवून घेतो, पट्टे ताणतो, चाळण्या उतरवून धुतो. मोठ्या मिलला एका शेतकऱ्याचे चार क्विंटल वेगळे दळायला परवडत नाही. आम्ही ते करतो. सेंद्रिय मालात माल वेगळा ठेवणं यालाच किंमत आहे.

2015-16 मध्ये सेंद्रिय शेती करणाऱ्या गटांना अनुदान देणारी केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना आली. पुढे आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचाही गट त्यात बसला. योजना तीन वर्षांची. रूपांतरणाच्या, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात युरिया बंद, उतारा घटलेला आणि भाव मात्र साध्या तुरीचाच. शेतकऱ्याने तो तोटा सोसला तो पुढे सेंद्रिय मालाचं प्रमाणपत्र मिळेल या भरवशावर. शेण-गोमूत्राचं जीवामृत, किडीसाठी झाडपाल्याचा दशपर्णी अर्क, एकमेकांच्या शेतांची तपासणी, बैठकांच्या वह्या, सगळं वेळेवर केलं.

आणि नेमकं तिसऱ्या वर्षी पैसे रखडले. पेरणी आटोपली, तूर फुलावर आली, तरी हप्ता नाही. वह्या कार्यालयात जमा होत्या, पण संगणकावर कोणी चढवल्याच नाहीत. त्यामुळे प्रमाणपत्र अडलं. इकडे 1 जुलै 2018 पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे नियम लागू झाले होते. पुण्याच्या ज्या दुकानदाराने आगाऊ मागणी नोंदवली होती, त्याने प्रमाणपत्राशिवाय माल घ्यायला नकार दिला. गोदामात छतापर्यंत पोती. त्या हंगामात तुरीचा हमीभाव 5,675 रुपये होता. आम्ही शेतकऱ्यांना त्याच्या वर शब्द दिला होता आणि तो पाळला. डाळ मात्र साध्या भावात काढावी लागली. पतपेढीचे हप्ते थकले, मिल विकायची बोलणी झाली.

त्याच महिन्यांत आमच्याच बाजारपेठेतला एक व्यापारी हिरवं पान छापलेल्या पिशवीत पॉलिशची डाळ सेंद्रिय म्हणून विकत होता. त्याला कोणी कागद विचारला नाही. हे मी विसरलेलो नाही.

तगलो ते वर्ध्याच्या एका खाणावळीच्या मावशींमुळे. त्या आमच्या गटाच्या शेतावर येऊन गेल्या होत्या. म्हणाल्या, "कागद राहू द्या भाऊ, डाळ कशी शिजते ते मी रोज पाहून राहिली ना!" महिन्याची सगळी डाळ त्यांनी आमच्याकडून उचलली, रोख. आजही त्यांचं पोतं आधी भरलं जातं.

ओघात सांगतो, चकाकणारी डाळ घेऊ नका. ती चकाकी तेल-पाण्याच्या पॉलिशची असते. बिनपॉलिशची डाळ मळकट दिसते, हाताला पीठ लागतं. वर्षाची भरणार असाल तर कडक ऊन दाखवा, पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात भरा. आणि दुकानदाराला गटाचं नाव विचारा.

नंतरची वर्षं बरी गेली. प्रमाणपत्र मिळालं, गट टिकला.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला 2,481 कोटी मंजूर केले. रासायनिक खतांवरचं अनुदान वर्षाला दीड लाख कोटींच्या वर जातं. ते बंद करा असं आम्ही म्हणत नाही. सेंद्रिय गटांच्या अनुदानाबद्दल आम्ही सरकारसाठी निवेदन तयार केलंय, त्यातल्या मागण्या साध्या आहेत: हप्ता मृगाच्या आधी खात्यात पडावा, नोंदी चढवायला कार्यालयाला मुदत असावी, मुदत चुकली तर शेतकऱ्याचं प्रमाणपत्र अडू नये, आणि तीन वर्षांनंतरही तपासणीचा खर्च योजनेतून मिळावा. हमीभाव केंद्रावर प्रमाणित तुरीचा काटा वेगळा हवा, नाहीतर ती साध्या तुरीतच मिसळते.

निवेदनावर गटातल्या प्रत्येक शेतकऱ्याची सही आहे. दुसऱ्या गटांना मसुदा हवा असेल तर मिलवर या, प्रती काढून ठेवल्या आहेत.