बाकावरचं पोरगं

गड्डा, म्हणजे आमची सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, जवळ आला की मला दरवर्षी अमेरिकेतलं अलाबामा आठवतं. हसू नका, सांगतो.

९ जानेवारी २०१८, मंगळवार. आपल्याकडं सकाळचे पावणेसात, तिकडं अटलांटात सोमवारची रात्र, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया, अमेरिकन कॉलेज फुटबॉलची फायनल. आत्तेभाऊ टस्कलूसाला, म्हणजे अलाबामा युनिव्हर्सिटीच्या गावी, एमएस करायला गेला तेव्हापास्नं त्यानं मला हे खूळ लावलंय. अप्पा शेजारी चहा घेत बसलेले, पाच मिनिटं बघून म्हणाले, हे कसलं फुटबॉल रे, बॉल तर हातात धरलाय. चार चान्समध्ये १० यार्ड पुढं जायचं, एवढं सांगितलं, तेवढ्यावर ते बघत बसले.

अलाबामाचा कोच निक सेबन. २००७ला आला तेव्हा पहिल्याच सीझनमध्ये ७ जिंकल्या ६ हरल्या, लुइझियाना-मन्रो कॉलेजनं तर यांच्याच ग्राऊंडवर येऊन हरवलं, आणि दोन वर्षात १४-० करून चॅम्पियन. तर असा माणूस, आणि हाफटाइमला स्कोर काय तर जॉर्जिया १३, अलाबामा शून्य. मग त्यानं काय केलं, ज्या जेलन हर्ट्सनं दोन वर्षं टीम ओढली, क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, टीमचा खेळ चालवणारा) म्हणून सुरुवात केलेल्या २७ पैकी २५ मॅच जिंकवल्या, त्याला फायनलमध्येच बसवलं आणि हवाईचं एक नवं पोरगं उतरवलं, टुआ टॅगोवायलोआ, फर्स्ट इयरचं! आत्तेभाऊ फोनवर ओरडत होता, म्हातारं येडं झालंय म्हणून.

झालं काय, २०-२० बरोबरी, ओव्हरटाइम. कॉलेजमध्ये ओव्हरटाइमला २५ यार्डांवरनं सुरू करतात. जॉर्जियानं ३ पॉइंट घेतले. यांची पाळी आली तर पहिल्याच डावाला टुआला धरून पाडलं, १६ यार्ड मागं. म्हणजे आता ४१ यार्ड लांब. आणि नेमकी आमची लाईट गेली. वायफाय गेलं, लॅपटॉपवर टुआ हात मागं घेऊन तसाच थिजलेला, आणि फोनमधनं नुसती आरडाओरड. एकच थ्रो, डेवॉन्टा स्मिथच्या हातात, डायरेक्ट टचडाऊन, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार, ६ पॉइंट. २६-२३, खेळ खल्लास.

लाईट आल्यावर मी रिप्ले लावला. सगळे टुआकडं पळतायत, अप्पांनी मात्र विचारलं, "त्या काढलेल्या पोराचं काय झालं?" बघितलं तर हर्ट्स पण त्या गर्दीत, हसतोय, उड्या मारतोय. अप्पांनी जवानीत गड्ड्याच्या मिरवणुकीत नंदीध्वज पेललाय, म्हणून त्यांची नजर तिथं गेली असणार. एवढा उंच ध्वज, कमरेला पट्टा, थकला की दुसऱ्याच्या हवाली करायचा. पण सोडलेला माणूस घरी जात नाही म्हणे, ध्वजाच्या बाजूनंच चालतो, तोल गेला तर हात लावायला.

लोक सेबनच्या डेरिंगचं कौतुक करतात, करावंच, २०२४च्या जानेवारीत रिटायर झाला तोवर अलाबामाला ६ टायटल देऊन गेला. पण माझं मत विचाराल तर त्या वर्षी मोठं काम हर्ट्सनं केलं. दुसरीकडं जाता आलं असतं, गेला नाही. पुढचा सगळा सीझन टुआच्या मागं उभा राहिला. आणि डिसेंबर २०१८, तेच अटलांटा, तेच स्टेडियम, तीच जॉर्जिया, एसईसीची, म्हणजे या दोघांच्या लीगची फायनल, टुआचा पाय दुखावला आणि टीम २८-२१ मागं. हर्ट्स आला. आधी पास टाकून बरोबरी केली आणि शेवटचं मिनिट उरलं असताना स्वतः बॉल घेऊन पळत आत गेला. ३५-२८. आपल्याकडं रविवारची पहाट होती, मी अंथरुणातच ओरडलो तर बायको दचकून उठली, तिला वाटलं चोर आला. मग डिग्री घेऊन तो ओक्लाहोमाला गेला.

१० फेब्रुवारी २०२५ला पहाटे सुपर बोल, म्हणजे तिकडच्या प्रोफेशनल लीगची फायनल, लावला होता. फिलाडेल्फिया ४०, कॅन्सस सिटी २२, एमव्हीपी, म्हणजे मॅचचा सर्वोत्तम खेळाडू, फिलाडेल्फियाचा जेलन हर्ट्स. अप्पा आता चष्म्याशिवाय काही बघत नाहीत, चष्मा पुसून पुसून टीव्हीच्या जवळ गेले.

"हे तेच का रे, बाकावरचं?"

"तेच."

"बरं झालं," म्हणाले आणि पूजेची फुलं तोडायला गेले.