17 फुटी बोट, 60 एचपी, वेकबोर्ड: पंखा 13 वरून 11 वर आणला, वेग आणि पेट्रोलचा हिशेब

वेकबोर्ड म्हणजे बोटीमागे दोरी धरून, पायाला बांधलेल्या फळीवर उभं राहून बोटीच्या लाटेवर सरकणं. पंखा म्हणजे प्रोपेलर, आणि 13 व 11 ही त्याची पिच: एका फेऱ्यात तो कागदावर किती इंच पुढे सरकतो ते. बोट 17 फुटी फायबरची. इंजिन 60 एचपी फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लटकणारं. गिअर रेशो 1.83, म्हणजे इंजिनाच्या 1.83 फेऱ्यांत पंख्याचा एक. पाणी तापीचं, प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजमागचं. बॅरेजमागे नदी लांब आणि बरीच सरळ भरते, त्यामुळे एकाच पट्ट्यात दोन्ही दिशांनी वेग मोजता येतो. खालचे आकडे याच एका बोटीचे आहेत. तुमच्या बोटीचा तळ आणि वजन वेगळं असेल तर आकडे बदलतील, पद्धत बदलणार नाही.

आधी मोजमाप, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. वेगासाठी बोटीच्या मीटरवर भिस्त ठेवू नका. त्याची नळी पाण्याच्या दाबावर चालते आणि तापीच्या गाळाने दोन-तीन फेऱ्यांत तुंबते. मोबाईलचा जीपीएस पुरतो. मात्र जाताना एक आणि येताना एक असा वेग घेऊन सरासरी काढायची, म्हणजे वारा आणि प्रवाह दोन्ही वजा होतात.

पेट्रोल लिटरमध्ये मोजू नका, तोलून मोजा. 25 लिटरची सुटी टाकी घ्या आणि कापूस तोलायला वापरतात तसा 50 किलोचा इलेक्ट्रॉनिक लटकता काटा घ्या. 10 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. टाकी नळीपासून सोडवून तोलायची, ठरलेल्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) 10 मिनिटं सलग चालवायचं, पुन्हा तोलायची. ताशी 31 किमीच्या वेगाला 10 मिनिटांत साधारण 1.4 किलो उतरतं, म्हणजे काट्याची चूक एक टक्क्याच्याही आत राहते. आयडलला मात्र 10 मिनिटांत दीडशे ग्रॅमसुद्धा उतरत नाही, तिथे अर्धा तास चालवा. तोलायचं कारण आपलं ऊन. 15 अंशांना 0.74 घनतेचं पेट्रोल 40 अंशांना साधारण 0.722 वर येतं. म्हणजे लिटरचा हिशेब दुपारी अडीच टक्क्यांनी फसवतो, आणि पंखा बदलून पडणारा फरकही तेवढाच असतो. पंपावर घनता 15 अंशांची लिहिलेली असते. वजनाला त्या आकड्याने भागलं की सगळ्या दिवसांची लिटरं एका मापावर येतात.

जुना पंखा, 13 पिच

पंख्याचा कागदावरचा वेग असा काढतात: आरपीएम गुणिले पिच इंचात, गुणिले 0.001524, भागिले गिअर रेशो. उत्तर किमी ताशी येतं. दोन माणसं आणि मोकळी बोट असताना 5800 आरपीएमला कागदावर 62.8 आणि जीपीएसवर 51.5. म्हणजे स्लिप (कागदावरच्या वेगातला पाण्यात वाया जाणारा भाग) 18 टक्के, हलक्या फायबर बोटीला ठीक.

खरं दुखणं भार चढवल्यावर दिसलं. चार माणसं आणि 200 किलो बॅलास्ट (लाट मोठी व्हावी म्हणून बोटीत भरलेलं वजन) घेतल्यावर पूर्ण थ्रॉटललाही सुई 5000 च्या वर जाईना. वेग 41, स्लिप 24 टक्के. या इंजिनाची पूर्ण थ्रॉटलची हद्द 5500 ते 6000 आहे. त्याखाली अडकलेलं इंजिन म्हणजे चौथ्या गिअरमध्ये घाट चढणारी जीप: थ्रॉटल उघडा, पेट्रोल पुरेपूर, फेरे मात्र नाहीत. असं रोज चालवलं तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह तापतात. पाण्यातल्या माणसाला उभं करायला 9 सेकंद लागत होते. 9 सेकंद हँडल धरून पाण्याचा मारा सोसणं नवशिक्याच्या खांद्यांना झेपत नाही, आणि तो उभा राहण्याआधीच दोरी सोडतो.

नवा पंखा, 11 पिच

ढोबळ नियम असा की पिच एक इंच कमी केली तर पूर्ण थ्रॉटलचे 150 ते 200 आरपीएम वाढतात. इथे दोन इंचांत 500 वाढले, कारण आधी इंजिन फारच दबलेलं होतं. भारासह आता 5500 आणि 41.8 किमी. म्हणजे भरल्या बोटीचा वेग कमी झाला नाही, उलट किंचित वाढला. मोकळ्या बोटीला मात्र 6000 ला लिमिटर (फेरे त्यापुढे जाऊ न देणारी इंजिनातली सोय) लागतो आणि वेग 46-47 वरच थांबतो. पाच किमी गेले. वेकबोर्डसाठी हा सौदा दहापैकी दहा वेळा करावा, कारण मोठ्या माणसाला 30 ते 36 लागतात, मुलांना आणि नवशिक्यांना 22 ते 28. त्याच्या वरचा वेग फक्त काठावरच्यांना दाखवायला. उभं राहायचा वेळ 9 वरून 5 सेकंदांवर आला.

मोठ्या इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत असलेल्या) वेकबोटीही याच विचारावर बांधलेल्या असतात. सहा लिटरच्या आसपासचं व्ही-8, 350-400 एचपी, आणि तरी सर्वोच्च वेग बहुधा 60 ते 70 च्या घरात. एवढ्या ताकदीची हलकी बोट शंभरच्या पुढे जाईल. पण यांचा तळ रुंद आणि खोल, आत टनभर किंवा त्याहून जास्त पाणी भरलेलं, आणि पंखा त्या ओझ्यासाठी निवडलेला. ताकद ओढायला आहे. पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल इंजिन ताशी एचपीच्या दहाव्या भागाइतके अमेरिकन गॅलन पितं, हा जुना अंदाज. 350 एचपीला ते सुमारे 130 लिटर होतात. आपल्या 60 ला याच हिशेबाने 22-23 येतात, काट्यावर 21.5 मिळाले.

पेट्रोलचे आकडे

11 पिच, चार माणसं, 200 किलो बॅलास्ट:

5 किमी वेगाला ताशी 1.2 लिटर, लिटरला साधारण 4 किमी.
12 किमीला 8 लिटर, लिटरला दीड किमी.
20 किमीला 9 लिटर, लिटरला 2.2.
31 किमीला 4200 आरपीएम, 11.5 लिटर, लिटरला 2.7.
41.8 किमीला 21.5 लिटर, लिटरला 1.9.

12 किमीची ओळ पुन्हा वाचा. बोट ना तरंगते ना पाण्यावर चढते, नाक वर, शेपूट खाली, आणि सगळी ताकद स्वतःचीच लाट ढकलण्यात जाते. पूर्ण थ्रॉटलपेक्षाही हा पट्टा किमीमागे महाग पडतो. आणि नेमकं इथेच बहुतेक चालक नकळत वावरतात: बोर्डवरचा पडला की अर्धवट थ्रॉटलने गर्रकन वळून त्याच्याकडे. 100 मीटर परतायला 12 च्या वेगाने 30 सेकंद आणि 67 मिली लागतात. 5 च्या वेगाने 72 सेकंद आणि 24 मिली. शिवाय संथ परतलं तर आपल्याच लाटा पट्ट्यात पसरत नाहीत आणि पुढच्या ओढीला पाणी आरशासारखं मिळतं.

आता पंख्याने पेट्रोल किती वाचलं? फार नाही. त्याच 31 च्या वेगाला 13 पिचला 11.2 लिटर लागत होते, 11 ला 11.5. फेरे जास्त म्हणून तीन टक्के जास्त. 20 मिनिटांच्या फेरीत हा तोटा 100 मिलीचा. उलट पूर्ण थ्रॉटलला सेकंदाला 6 मिली जातात, म्हणजे प्रत्येक उठण्यामागे 4 सेकंद वाचले की 24 मिली वाचतात. फेरीत दहा वेळा पडणाऱ्याला 240 मिली. निव्वळ बचत 140. न पडणाऱ्याला उलट घाटाच. म्हणून पेट्रोल वाचवायला पंखा बदलू नका, माणूस उठवायला आणि इंजिन जपायला बदला.

पेट्रोल खरं वाचतं ते वजनात. 200 किलो बॅलास्ट रिकामं केलं की 31 च्या वेगाला 9.5 लिटरच लागतात. म्हणजे लाटेसाठी तासाला 2 लिटर मोजतोय. नवशिका शिकत असताना एवढी लाट त्याला नकोच असते, तेव्हा बॅलास्ट रिकामं ठेवा. भरायचंच तर पाण्याच्या पिशव्या वापरा. वाळूच्या गोण्या स्वस्त, पण बोट पाण्याने भरली तर वाळू खाली ओढते आणि पाण्याची पिशवी ओढत नाही. सगळं मागे टाकू नका. 120 किलो मागे आणि 80 नाकाकडे केल्यावर बोट लवकर वर आली. माणसं आणि बॅलास्ट मिळून बोटीच्या पाटीवरच्या भाराच्या आत राहायला हवं. आमच्या बोटीला 200 च्या वर जागा नाही, आणि वर जायचा मोह टाळलेला बरा.

काय बिघडतं

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला की दहा मिनिटांत इंजिन गुदमरतं. ओळखायची खूण म्हणजे नळीवरचा रबरी फुगा: पिळून टाकलेल्या लिंबासारखा चपटा होतो आणि दाबला तर परत फुगत नाही. स्क्रू सोडला की श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. उन्हात टाकीवर ओलं गोणपाट ठेवा.

आरपीएम अचानक वाढले आणि वेग पडला तर पंख्याच्या आतलं रबर सुटलंय का बघा. पंखा बसवताना आतल्या नळीवर आणि बाहेरच्या हबवर ऑइलपेंटची एकच आडवी रेघ ओढून ठेवा. रेघ तुटून दोन ठिकाणी दिसली की रबर घसरलं. रेघ शाबूत असेल तर मोटर फार वर बसलेली असते, किंवा जलपर्णीची मुळं पंख्याला गुंडाळलेली असतात. मोटरच्या पायावर, पंख्याच्या वरच्या बाजूला असलेली आडवी पट्टी तळाच्या रेषेला समान किंवा जास्तीत जास्त इंचभर वर हवी.

इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची मागची धार बारीक झाली की लगेच थांबवा. गाळाने इम्पेलर (ते पाणी खेचणारं रबरी चक्र) झिजतो, इथे तो दर हंगामाला बदलायचाच. दर फेरीनंतर 10 मिनिटं स्वच्छ पाण्याने फ्लश.

ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा प्रश्न मोठा आहे. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या 10 टक्के इथेनॉलपर्यंतच मान्यता देतात, आपलं मॅन्युअल उघडून बघा. ऊर्जा ई-10 पेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी, तेवढा वापर वाढतो. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं, पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवली तर तळाशी पाणी वेगळं होतं. फेरीपुरतंच ताजं घ्या, उरलेलं गाडीत ओता, 10 मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि जुन्या नळ्या बदला.

दुपारचे आकडे सकाळच्या आकड्यांत मिसळू नका. 24 अंशांपेक्षा 40 अंशांना हवा पाच टक्के विरळ असते, भारासह पूर्ण थ्रॉटलचे सुमारे 100 आरपीएम त्यातच जातात.

दोन गोष्टी हिशेबाबाहेरच्या. आउटबोर्डमागे वेकसर्फ (बोटीच्या लाटेवर दोरीशिवाय सरकणं) कधीही करायचं नाही, त्यात माणूस बोटीला अगदी लागून असतो आणि पंखा उघडा फिरतो. वेकबोर्डला 18-20 मीटर न ताणणारी दोरी ठेवा आणि मागे बघणारा वेगळा माणूस बसवा. दुसरं म्हणजे बोट उतरवण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी आणि बोटीची नोंदणी. हिवाळ्यात हतनूरसारख्या पाणथळ जागी बाहेरचे पक्षी उतरतात, तिथे इंजिन नेऊच नका.

पुढची नोंद चार पात्यांच्या पंख्याची, पिच 11 च. मोजायचं इतकंच: उठायचे 5 सेकंद 4 वर येतात का, आणि 20 ते 22 च्या वेगाला बोट नाक न उचलता टिकते का. मुलांना शिकवताना याच्या आसपासचाच वेग लागतो आणि सध्या थ्रॉटल तिथे सारखं मागेपुढे करावं लागतं.