कचऱ्यापासून वीज : जनसुनावणीचा माझा अनुभव

आमच्या कचरा डेपोवर कचरा जाळून वीज तयार करायचा प्रकल्प येतोय, हे पेपरातल्या जाहीर सूचनेवरून कळलं. पर्यावरण मंजुरीबद्दलच्या 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी किमान 30 दिवस ही सूचना द्यावी लागते, आणि अभ्यासाला मिळतात ते एवढेच दिवस. पर्यावरण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात कुणालाही बघता येतो. मराठीत फक्त सारांश असतो, म्हणून मी मूळ इंग्रजी अहवालच मागितला आणि तिथल्याच बाकावर बसून टिपणं काढली.

हवेची मोजणी एकाच हंगामातली, पावसाळा सोडून. नियमाला ते चालतं. मी अडकले ती कचऱ्याच्या तक्त्यापाशी. तेव्हाच्या, 2016 च्या घनकचरा नियमांत पुनर्वापर न होणारा, किलोला 1500 किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांकाचा (म्हणजे जळताना तेवढी उष्णता देणारा) कचरा ऊर्जेसाठी वापरा, असं म्हटलं होतं. तक्त्यातले नमुने मात्र ऐन उन्हाळ्यातले! जुलैत आमच्या घंटागाडीतून पाणी ठिबकत असतं. भाजीचे देठ, शहाळी, भिजलेले डायपर, सगळं एकत्र. हा कचरा पेटणार कसा? आणि भट्टी नीट तापली नाही तर डायॉक्सिनचं, म्हणजे अर्धवट जळण्यातून निघणाऱ्या विषारी रसायनांचं काय? त्याची मर्यादा घनमीटरला 0.1 नॅनोग्रॅम आहे, पण ती तपासायला 6 ते 8 तास नमुना घ्यावा लागतो. चिमणीवरच्या यंत्रात धुळीसारखा त्याचा आकडा सतत दिसत नाही.

सुनावणीला अप्पर जिल्हाधिकारी अध्यक्ष होते, चित्रीकरण चालू होतं. घोषणा खूप झाल्या. लोकांचा राग खराच होता, डेपोचा वास त्यांनीच वर्षानुवर्षं सोसलाय. पण इथे मतदान नसतं. इतिवृत्तात जे मुद्दे उतरतात, त्यांची दखल कंपनीला अंतिम अहवालात घ्यावी लागते. म्हणून मी प्रश्न पान क्रमांकासह लेखी दिले आणि पोच घेतली.

शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात, तोवर निम्मा मंडप रिकामा झाला होता. माझा प्रश्न ‘दुर्गंधीबाबत शंका’ एवढाच उरला होता. मी उठून म्हटलं, “साहेब, मी पावसाळ्यातल्या उष्मांकाचं विचारलंय. तसंच लिहून घ्या.” त्यांनी दुरुस्ती करून घेतली.

अंतिम अहवालात पावसाळी नमुन्यांचा तक्ता आला, आराखड्यात कचरा वाळवायची शेडही आली. कचरा जाळल्यावर उरणाऱ्या राखेबद्दल मात्र ‘नियमानुसार विल्हेवाट’ एवढंच उत्तर. मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय हरित लवादाकडे 30 दिवसांत अपील करता येतं. त्यासाठी राखेसंबंधीचे कागद आम्ही आत्तापासूनच जमवतोय.