पाचवं स्थान

पप्पांना अर्धांगवायू झाला त्याला सहा वर्षं झाली. त्यांची उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. रात्री दोनदा उठून कूस बदलून द्यायची, गोळ्या कुटून पेजेत कालवायच्या, कामावरून धावत येऊन चादरी धुवायच्या. कोणी चौकशी केली की मी म्हणायची, "काय करणार, देवानं दिलेला क्रूस आहे." मुंबईचा भाऊ दरवर्षी म्हणायचा, "मी येऊन राहतो, तू चार दिवस बाहेर पड." मी नको म्हणायची. माझा क्रूस मीच वाहायचा, असा हट्टच होता माझा.

यंदा त्यानं ऐकलं नाही. बॅग घेऊन दारातच उभा राहिला. मग 30 नोव्हेंबरला सावंतवाडीच्या मिलाग्रीस चर्चमध्ये पहाटेची मिस्सा (उपासना) ऐकून मी जुन्या गोव्याला चालत निघालेल्या गटात सामील झाले. 3 डिसेंबर म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, आमच्या गोंयच्या सायबाचं फेस्त, म्हणजे सण. अंतर साधारण 65 किलोमीटर. शेजारच्या काकी हातात चिक्कीचा पुडा देत म्हणाल्या, "आमची आषाढीची, तशी ही तुमची वारी. सांभाळून जा गो."

गटापुढे फणसाच्या लाकडाचा क्रूस होता, पुरुषभर उंचीचा. तो आळीपाळीनं वाहायचा. इन्सुलीच्या घाटात माझी पाळी आली. पहिली शंभर पावलं मन भरून आलं होतं, पुढे नुसता खांदा दुखत होता. मागून एका बाईनं टॉवेलाची चुंबळ करून लाकडाखाली सरकवली आणि क्रुसाचं खालचं टोक स्वतःच्या हातात धरलं. मी "असू दे, असू दे" म्हणत होते. तिनं सोडलं नाही.

बांदा, पत्रादेवी, धारगळ. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणत, मध्येच गप्प होत चालायचं. गटात धर्मशिक्षण शिकवणारी एक वयस्क ताई होती. ती म्हणाली, "आपला क्रूस उचलून माझ्यामागे यावे, हे येशूचं वचन शुभवर्तमानं लिहिणारे मत्तय आणि मार्कही देतात. पण 'दररोज' हा शब्द फक्त लूककडे आहे." त्या शब्दावर मी कितीतरी वेळ चालले. दररोज म्हणजे मरणाचा एकच थोर प्रसंग नव्हे. दररोज म्हणजे पेज, चादरी, पुन्हा पेज.

दुसऱ्या संध्याकाळी कोलवाळला पोचलो. वाटेवरच्या एका पांढऱ्या खुरसापाशी, म्हणजे उघड्यावर उभारलेल्या क्रुसापाशी, मेणबत्त्या लावून आम्ही क्रुसाची वाट केली, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची चौदा स्थानं आठवत करायची प्रार्थना. आमच्याकडे असे खुरीस प्रत्येक वाड्यावर असतात. मे महिन्यात तिथं लादाइन, म्हणजे सामूहिक गायनप्रार्थना होते, उकडलेले चणे वाटतात, आणि एरवी माणसं बाजाराला जाता-येता तिथं क्षणभर थांबून पुढे जातात. चौदा स्थानं चौदा जणांनी वाचायची होती. माझ्या वाट्याला पाचवं आलं: कुरेनेचा शिमोन येशूला क्रूस वाहायला मदत करतो.

वाचताना मी अडखळले. शिमोन शेताकडून येत होता. शिपायांनी त्याला धरलं आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. क्रूस त्याचा नव्हताच. त्यावर खिळला जाणारा दुसराच होता, आणि तो शिमोनाच्या पुढे, ठेचकाळत चालला होता.

आणि मी सहा वर्षं पप्पांच्या खाटेशी उभी राहून, त्यांच्या कानावर पडेल अशा आवाजात, म्हणत आले होते: माझा क्रूस. पडून आहेत ते. शब्द हरवलेत त्यांचे. माझ्याकडे आहे तो लाकडाचा एक भाग, थोड्या वाटेपुरता. मी त्या खुरसापाशीच रडले. कोणी काही विचारलं नाही, ते बरं झालं.

म्हापसा, पर्वरी, मांडवी ओलांडून रायबंदरच्या लांब बांधावरून 2 डिसेंबरला आम्ही जुन्या गोव्यात शिरलो. बॉम जेझू चर्चच्या रांगेत, सायबाचे अवशेष असलेल्या पेटीसमोर दोन मिनिटंच मिळाली. पण मला आधीपासून ओढ होती ती समोरच्या सी कॅथेड्रलची. तिथल्या एका कपेलात, छोट्या प्रार्थनादालनात, चमत्कारांचा क्रूस आहे. 1619 मध्ये त्यावर ख्रिस्ताचं दर्शन झालं आणि तो क्रूस वाढत जातो, अशी भाविकांची श्रद्धा. मी गुडघे टेकले. मागायचं काही सुचेना. फक्त "क्षमा कर" एवढंच आलं, आणि ते देवाला म्हटलं की पप्पांना, हे मला वेगळं करता आलं नाही.

घरी आले तेव्हा भाऊ पप्पांना भरवत होता. अर्धी पेज त्याच्या शर्टावर होती. मी चमचा घेतला नाही. शेजारी बसून राहिले.

रात्रीच्या प्रार्थनेला मी पप्पांचा उजवा हात उचलला. एरवी त्यांच्यासाठी मीच हवेत क्रुसाची खूण करून मोकळी व्हायचे. त्या रात्री त्यांचाच हात सावकाश त्यांच्या कपाळाला नेला, छातीला, डाव्या खांद्याला. उजव्या खांद्यापाशी पोचलो तेव्हा त्यांनी आपला डावा हात वर आणला आणि माझ्या हाताखाली धरला.